तीन महिने जपा

नाही नाही, बरोबर ऐकलंत तुम्ही. शून्य. डॉक्टरांनी काच बदलून दोनदा बघितलं, एकही शुक्रजंतू नाही, जिवंत नाही की मेलेला नाही. म्हणजे ऑपरेशन फक्कड झालंय, आता कसली काळजी नको, तुम्ही सुटलात — हे मी रोज सांगते बघा, याच खुर्चीवर बसलेल्या माणसांना, आणि ते ऐकलं की माणसं हसतात. कुणी मिशीतल्या मिशीत, कुणी मोठ्यानं, एकानं तर माझा हात धरून असा गदागदा हलवला की घड्याळ निसटलं माझं. आणि तुम्ही — तुमचा चेहरा असा का पडला? पाणी घ्या. घ्या हो, प्यायचाच ग्लास आहे, या खोलीत सगळेच ग्लास बघून बिचकतात. सावकाश. उठताय कुठं? बसा. बसा म्हणते ना.

पुन्हा तपासायचं? तपासू की, आमचं काय जातंय, पण पुन्हा तपासलं तरी हेच निघणार. आणि मला सांगा, इथं माणसं येतात ती सांगितलेल्या तारखेला येतात, नाहीतर येतच नाहीत — न येणारेच जास्त, ऑपरेशन झालं, घरी गेले, विषय संपला. तुम्हीही आला नव्हतात. तारीख होऊन गेली, फोन केला तर उचलला नाहीत, आणि आज मी कुलूप काढायच्या आधीच जिन्यात उभे. आल्या आल्या एकच — ‘सिस्टर, ऑपरेशन नीट झालंय का, तेवढं सांगा.’ का, म्हटलं. तर ‘असंच’. असंच कुणी येत नाही हो इथं. सिनेमाला जातात असंच. बायको… बरं, नाही विचारत. तुम्ही त्या भिंतीकडे बघायला लागलात त्यातच मला कळलं. काल सांगितलं का तिनं? परवा? आणि तुम्ही काय बोललात? काहीच नाही. हं. काहीच नाही बोललात.

हे बघा. इकडे बघा, प्लास्टिकचं आहे, लाजायचं काय त्यात. ऑपरेशनच्या दिवशी हेच दाखवलं होतं मी तुम्हाला, पण त्या दिवशी कुणाच्या कानात काही शिरत नाही, सगळं लक्ष खाली लागलेलं असतं. जंतू बनतात ते इथं, या गोळ्यांमध्ये. बनले की या नळीतून वर जातात, असा वळसा घालून, मूत्राशयाच्या मागे. आपण काय केलं? ही नळी इथं कापली, दोन्ही बाजूंना. खालचं काम चालूच राहतं, नवे जंतू बनतात, पण त्यांना वाट नाही, तिथल्या तिथं जिरून जातात. हे झालं खालच्यांचं. पण कापायच्या आधीच जे वर चढून बसलेत, कापलेल्या जागेच्या पुढं — ते? ते कुठं जातील? ते तिथंच असतात, चांगले जिवंत असतात, आणि प्रत्येक वेळी थोडे थोडे बाहेर पडत राहतात. आठवडेच्या आठवडे. बघून कळतं का? छे. वीर्य दिसायला आधीसारखंच असतं, कारण त्यात जंतू म्हणजे चिमूटभर, बाकी सगळं दुसऱ्या ग्रंथींचं पाणी. म्हणून तर तीन महिने थांबा म्हणतो, तोवर कंडोम वापरा म्हणतो, पाकीट देतो हातात, आणि मग तपासून घ्या म्हणतो. वापरलंत? …खरं सांगा. पाकीट खिशातून काढलंत तरी का? बघा. आणि एक जंतू पुरतो हो. बाईच्या पोटात तो चार-चार, पाच-पाच दिवस तग धरतो, बीज सुटायची वाट बघत — बीज बिचारं एका दिवसाचं. तेव्हा आज शून्य म्हणजे आज शून्य. पहिल्या महिन्यात काय होतं ते आजच्या काचेवर दिसत नाही. समजतंय का मी काय म्हणतेय?

मान हलवताय, पण आत काही गेलेलं नाही. मला कळतं. इतकी वर्षं काढली या खोलीत, मान हलवणाऱ्यांतले कोण ऐकतायत आणि कोण घरी जाऊन काय बोलायचं ते मनात जुळवतायत, ते मला कळतं. तुम्ही घरी जाऊन एवढंच सांगणार — ‘ऑपरेशन नीट झालंय.’ एवढे तीन शब्द. नका हो. ते तीन शब्द घरात नेऊ नका. मी एका माणसाची गोष्ट सांगते, ती ऐका आणि मग जा. बाहेरचे थांबतील. त्यांना काय, बाकावर पंखा आहे.

शिलाईची मशिनं दुरुस्त करायचा तो. घराची बाहेरची खोली म्हणजेच दुकान — दारातून आत आलं की मशिनंच मशिनं, कुणाचं हँडल गेलेलं, कुणाची सुई अडकणारी, आणि सगळीकडे तेलाचा वास, कपड्यांना, उशांना, अगदी वरणभातालासुद्धा. आणि त्याची बायको त्याच्या जोडीला. तो मशिन जुळवणार, ती चिंधीवर टाका घालून बघणार. तिचा कान असा तयार की ती आत काम करत असायची आणि तिथूनच ओरडायची, ‘अहो, त्याचा पट्टा सैल आहे!’ — आणि असायचाच. दिवसभर बडबड चालायची दोघांची. गिऱ्हाइकं म्हणायची, तुमच्याकडे मशिन टाकायला यायचं म्हणजे फुकटची करमणूक. दोन मुलं झाली. मोठा मुलगा, त्याच्यामागं मुलगी, आणि मुलीच्या वेळी मात्र तिच्या जिवावर बेतलं. रक्त थांबेना. डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून सांगितलं, पुन्हा दिवस गेले तर मी काही सांगू शकत नाही. त्या काळात अशा वेळी बाईलाच टेबलावर झोपवायचे. हा म्हणाला, नाही, तिचं पोट पुन्हा नाही फाडायचं, माझं करा. लोक हसले. त्याचा सख्खा भाऊ हसला, म्हणाला, आता मशिनला तेलपाणी कोण करणार? याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आपल्या पायांनी गेला, ऑपरेशन करून आला. असा माणूस होता हो तो. हे आधी लक्षात ठेवा. वाईट माणूस नव्हता. आमच्या आईवर त्याचा —

त्याच्या बायकोवर. …जाऊ दे, गेलं तोंडातून ते गेलं. आई. माझीच आई. आणि तो म्हणजे बाबा. मी परक्याची गोष्ट म्हणून सांगत होते, ते काही जमलं नाही. कुणाला सांगत नाही मी हे, इथल्या डॉक्टरांनाही माहीत नाही, तेव्हा तुमच्यापाशीच ठेवा.

तर ऑपरेशन झालं, टाके सुकले, आणि एक दिवस आई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती, बाबा पाणी प्यायला आत आले, आणि ती हसत सुटली. हसत — हे मला मावशीनं सांगितलं, आईनं तिला सांगितलेलं. हसत म्हणाली, ‘अहो, तुम्हाला फसवलं त्या डॉक्टरनं. मला दिवस गेलेत.’ आता बघा, जिच्या मनात काही काळंबेरं असेल ती अशी हसेल का? तिला वाटलं, नवरा कपाळावर हात मारेल, डॉक्टरच्या नावानं दोन शिव्या घालेल, मग दोघं मिळून काळजी करत बसतील. बाबांनी भांडं ठेवलं आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी शर्ट बदलून सकाळीच निघाले. कुठं गेले ते आता तुम्हीच ओळखा. हो. तुमच्यासारखेच, अशाच कुठल्या तरी खुर्चीवर. डॉक्टरही ऑपरेशन करणारा नव्हता, दुसराच कुणी होता. त्याला हे म्हणाले, ऑपरेशन नीट झालंय का तेवढं बघा. त्यानं बघितलं. शून्य. तोवर बरेच दिवस लोटले होते, नळीत उरलेलं सगळं निघून गेलेलं, शून्यच येणार! त्या डॉक्टरनं पाठ थोपटली म्हणे यांची. ‘एकदम यशस्वी.’ बायकोला दिवस गेलेत, हे बाबांनी सांगितलंच नाही. कसं सांगतील? जीभ उचलली नसेल. आणि त्यानं विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं, ‘का हो, का आलात?’ — एवढं जरी विचारलं असतं —

म्हणून मी विचारते. तुम्हाला राग आला ना सकाळी? येऊ दे.

घरी आले, पिशवी खाली ठेवली आणि आईला म्हणाले, ‘ऑपरेशन नीट झालंय.’ बस. त्याच्यापुढं एक शब्द नाही. आईला आधी अर्थच लागला नाही. ती म्हणाली, मग हे कसं हो? ती बघत राहिली त्यांच्याकडे, आणि मग तिला कळलं. मावशी सांगायची, त्या वेळी तिनं ओट्याची कड अशी धरली की नखं पांढरी झाली. तिला वाटलं, विचारतील. आज नाही तर उद्या विचारतील, भांडतील, हात उगारतील, काहीतरी करतील, मग मी सांगेन. त्यांनी विचारलं नाही. आणि विचारलंच नाही तर ती काय म्हणून सांगेल? चोरी न केलेल्या माणसानं आपणहून खिसे उलटे करून दाखवायचे का? मावशीनं तिला समजावलं, मोकळी हो, डॉक्टर तसाही नको म्हणालाय, तुझ्या जिवाला धोका आहे, कुणी काही म्हणणार नाही. तर आई म्हणाली — हे मावशी मला शब्द न् शब्द सांगायची, कितीदा सांगितलं असेल — म्हणाली, ‘काढलं तर मान्य केल्यासारखं होईल.’ एवढ्या एका गोष्टीसाठी ती मरायला तयार झाली. आणि म्हणून मी आहे. आहे ना इथं, तुमच्यासमोर बसलेय ती त्याच्यामुळं. मी झाले, आई वाचली, डॉक्टरला नवल वाटलं. बाबा दवाखान्यात आले नाहीत. दादाला पाठवलं डबा घेऊन.

मारलं नाही कधी. घराबाहेर काढलं नाही. लोकांपुढं चकार शब्द नाही काढला, आम्हाला खाऊपिऊ घातलं, शाळा शिकवली, मलाही — दादाला वह्या आल्या की मलाही आल्या. फक्त बोलणं बंद. म्हणजे दादामार्फत. ‘तुझ्या आईला सांग, मीठ जास्त झालंय.’ आई समोर, चार हातांवर, वाढतेय. आणि आई — ‘त्यांना सांग, उद्या कमी घालते.’ दादा बिचारा घास हातात धरून इकडून तिकडं. तो मोठा झाल्यावर म्हणायचा, मी घरातला टेलिफोन होतो. हसायचो आम्ही त्यावर. हसायचं नाही तर काय करायचं? दादा शाळेत गेला की घरात नुसती मशिनं बोलायची. आई अजून चिंधीवर टाका घालून बघायची, ती चिंधी मशिनखाली ठेवून जायची, टाका चुकला असेल तर बाबांना दिसायचं. काम थांबलं नाही एक दिवस.

आणि मला ते कधी, काय सांगू, टाकूनही बोलले नाहीत. बोललेच नाहीत. हाक नाही मारायचे. ताईला ‘चिमणे’ म्हणायचे, मला काही नाही. फक्त बघायचे. माझ्याकडे बघायचे, आणि मग दारात जो कुणी आला असेल त्याच्याकडे. पेपरवाला, पोस्टमन, गिऱ्हाईक. लहानपणी मला कळायचं नाही ते काय बघतात. नंतर लक्षात आलं — कान. लोकांचे कान बघायचे. माझे कान असे जरा बाहेर आलेले आहेत ना, वरून टोकदार? आमच्या घरात कुणाचे तसे नाहीत. आईचे नाहीत, दादाताईचे नाहीत; बाबांचे कधी नीट दिसलेच नाहीत, डोक्याला कायम रुमाल, कानांवरून बांधलेला. तर रस्त्यानं जाणाऱ्या माणसाचेसुद्धा कान बघायचे हो ते! मी मग केस कानांवर घ्यायला लागले. अजून घेते, सवय झाली.

आई गेली ती छातीच्या दुखण्यानं. बाबांनी औषधपाणी सगळं केलं, उशाशी बसून राहायचे, पण तोंडाचं कुलूप काही निघालं नाही. शेवटच्या दिवसांत एकदा बाहेरच्या खोलीत मशिन चालू होतं, बाबा नवीन आलेलं काहीतरी बघत होते, आणि आईनं डोळे न उघडता दादाला सांगितलं, ‘त्यांना सांग, पट्टा सैल आहे.’ दादा बाहेर गेला, सांगितलं. मशिन थांबलं. बराच वेळ थांबलं. मला वाटलं, आता आत येतील. पट्टा बदलून पुन्हा चालू केलं त्यांनी.

मी तेव्हा नर्सिंगला नुकतीच लागले होते. आई गेल्यानंतरच्या वर्षी आमचा हा धडा आला, कुटुंबनियोजनाचा. शिकवणाऱ्या बाई फार गमतीनं शिकवायच्या. त्यांनी बागेत पाणी घालायचा पाइप आणला वर्गात, नळाला लावला, नळ सोडला, मग बंद केला आणि म्हणाल्या, ‘झाला बंद? धरा आता तोंड खाली.’ पाइपातलं उरलेलं पाणी भळाभळा पहिल्या बाकावरच्या मुलीच्या पायावर. सगळा वर्ग खो खो हसला. बाई म्हणाल्या, ‘असं असतं पुरुषाच्या ऑपरेशनचं, नळ बंद झाला तरी पाइप रिकामा व्हायला वेळ लागतो.’ सगळ्याजणी हसत होत्या आणि मला — मला ती फरशी ओली झालेली अजून दिसते. मला घरातलं सगळं माहीत होतं का तोवर? मावशीकडून कळलं होतं, पण मीही तेच धरून चाललेले की ऑपरेशन फसलं असेल, आणि डॉक्टर थापा मारत असेल, किंवा… किंवाच्या पुढं मी कधी जात नव्हते. आणि इथं एक बाई पाइप हातात धरून सांगतेय, दोन्ही खरं असू शकतं! ऑपरेशनही नीट, आणि आईही —

धावत घरी गेले. खरंच धावत. दुपार होती, बाबा मशिनला तेल घालत बसले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसले आणि बोलत सुटले. नळी, जंतू, पाइप, तीन महिने, सगळं. लाजले नाही. ते तेलाची बुधली हातात धरून ऐकत होते. संपल्यावर मला वाटलं, रडतील, मला जवळ घेतील — काय काय वाटलं होतं मला येताना रस्त्यानं! त्यांनी बुधली खाली ठेवली. म्हणाले, ‘तो म्हणाला होता, तीन महिने जपा. मी मशिनं उचलली नाहीत.’

बस. एवढंच. म्हणजे सांगितलं होतं हो त्यांना! ऑपरेशन झाल्यावर तिथल्या माणसानं सांगितलं होतं, तीन महिने जपा. पण काय जपा, ते नाही सांगितलं, लाजला असेल. आणि बाबांनी विचारलं नाही, तेही लाजले. त्यांनी मनाशी अर्थ लावला — जड उचलायचं नाही. आणि तीन महिने खरंच एक मशिन उचललं नाही त्यांनी. आई उचलायची. दारातून टेबलावर, टेबलावरून दारात, ती जड लोखंडी मशिनं आई उचलायची, नवऱ्याच्या जिवाला जपायची म्हणून. आणि तेव्हा मी तिच्या पोटात.

ते उठले आणि आत गेले, स्वयंपाकघरात. दार लोटून घेतलं. मी बाहेरच बसलेले. आणि मग आतून आवाज आला. बाबा बोलत होते. मला वाटलं, दादा मागच्या दारानं आला असेल. दादा नव्हता. ते आईशी बोलत होते.

नाही, वेड नव्हतं लागलं. दुकान नीट चालवत होते, गिऱ्हाइकांशी व्यवस्थित, हिशोबाला पक्के. पण दुपारचं काम आटोपलं की आत जायचे, ओट्याशी उभे राहायचे आणि बोलायचे. राहिलेलं सगळं. दिवसभरात काय झालं, कुणाचं मशिन आलं, दादाच्या लग्नात मी का गप्प होतो, तू आजारी असताना मला काय वाटत होतं, त्या दिवशी तू हसलीस तेव्हा मला काय वाटलं. मला जे माहीत आहे ना, ते निम्मं मावशीकडून आणि निम्मं त्या दाराबाहेर उभं राहून ऐकलेलं. आणि बोलता बोलता थांबायचे. तिला बोलू द्यायचे. बरोबर तेवढाच वेळ थांबायचे हो, एखादं माणूस उत्तर देईल तेवढा. मग ‘हं’ म्हणायचे आणि पुढं बोलायचे. मला ते थांबणं सोसायचं नाही. बोलणं चालायचं, पण ती मधली शांतता — मी कानात बोटं घालायचे.

आणि माझं काय झालं विचाराल तर, मला बाप मिळाला का? नाही. आधी निदान बघायचे तरी. आता मी खोलीत आले की उठून उभे राहायचे. परक्या मोठ्या माणसासाठी उभं राहतात ना, तसे. खुर्ची पुढं करायचे. ‘तुम्ही’ म्हणायला लागले मला! पोटच्या पोरीला तुम्ही! …बघा, पोटच्या म्हणाले. तेच तर. एकदा असेच उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, ‘तुम्ही ते जे सांगितलंत, ते होऊ शकतं, की होतंच?’

आता मी काय सांगायला हवं होतं? शिकले ते हे, की होऊ शकतं. प्रत्येकाच्या बाबतीत होतंच असं नाही. मी म्हणाले, ‘होतंच, बाबा.’ त्यांनी मान हलवली — तुम्ही मघाशी हलवलीत तशी. आणि दुपारी आत गेले. मी दाराशी. आत म्हणत होते, ‘पोरगी म्हणते होतंच. पण तू सांग. तू एकदा सांगितलंस की झालं.’ मग थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. ‘सांग की गं.’ पुन्हा थांबले. मला वाटलं आत जावं आणि ओरडावं, अहो आता विचारताय? आता? ती होती तेव्हा एक शब्द विचारला असता तर फाडकन उत्तर दिलं असतं तिनं, आणि ते खरं असतं! नाही गेले आत. काय उपयोग?

मरेपर्यंत विचारत होते.

रक्ताची तपासणी? असते ना. आहे, आता सगळं आहे. बाबा होते तेव्हाच निघालं होतं ते, आमच्या लॅबमधली मैत्रीण म्हणाली, एका दिवसाचं काम, दोघांचं द्या, सोक्षमोक्ष लावू. मी नाही केलं. आईच्या बाजूनं एका तरी माणसानं न तपासता उभं राहायला नको का? एक तरी? सगळ्या जगाला सांगते मी, तपासून घ्या, तपासून घ्या — स्वतःचं तपासा की, हवं तितक्यांदा तपासा! तिचं नाही तपासायचं.

असं बोलते मी. ठणकावून बोलते. आणि बाबा गेले ना, त्यांना न्यायला माणसं आली, सगळे बाहेरच्या खोलीत होते, तेव्हा मी आत एकटी होते त्यांच्यापाशी, आणि मी — खाली वाकले आणि त्यांच्या डोक्याचा रुमाल मागं केला. कान बघायला. म्हातारपणी माणसाचे कान मोठे होतात, माहितीये का, खाली लोंबतात. पण वरची कड तशीच राहते.

…नाही. ते नाही सांगणार. तुम्ही विचारू नका. कुणीच विचारू नका मला ते.

काय सांगत होते मी? हां. तुमचा निकाल. तुमचा निकाल चांगला आहे. तीन महिन्यांचं मी तुम्हाला समजावलं, प्लास्टिकवर दाखवलं, आणखी काय करू शकते मी? पहिल्या महिन्यात तुम्ही पाकीट उघडलं नाहीत हे तुम्हाला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे. मूल ठेवायचं की नाही ते दोघांनी मिळून ठरवा, तिच्या प्रकृतीचं बघा, इथं डॉक्टरीणबाई आहेत, दोघं या. दोघं. पण त्याच्या आधी घरी जाऊन —

तुमचा फोन वाजतोय. बघा ना कोण आहे. …तीच ना? मग उचला. उचला हो, माझ्यासमोर लाज वाटत असेल तर मी तोंड फिरवते. काही मोठं बोलायचं नाहीये, ‘जेवलीस का’ म्हणा, ‘निघालोय’ म्हणा, डॉक्टरला शिव्या घाला, मला घाला, काहीही. ती तिकडं फोन कानाला लावून उभी असेल. उचला —

थांबला.

बरं. जा तुम्ही. बाहेर लोक खोळंबलेत. नाही, तो नाही, तो कपाटाचा दरवाजा आहे, त्यात सगळी औषधं आहेत. हा इकडचा. हळू, पायरी आहे. …तो फोन खिशात नका टाकू, हातातच असू दे.

कोण आहे पुढं? या. या आत, बसा त्या खुर्चीवर. तारखेचं ना तुमचं? हो, बघते, बसा. — एक मिनिट. काही बोलू नका. बोलू नका हो जरा, दार उघडंच राहू द्या… जिन्यात कुणी बोलतंय का?